बिननावाचा वाडगा

१

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. माझं भरलं. आमच्या गावातल्या दातांच्या दवाखान्यात मी जन्मभर लोकांच्या दातांवरचं किटण खरवडलं. डॉक्टर येऊन भोकं बुजवायचे, त्याआधीची सगळी घाण माझ्या वाट्याची. बार्लो क्रीकमध्ये चाळिशीपुढचं असं तोंड क्वचितच असेल, ज्यात माझं बोट गेलेलं नाही. त्यामुळे लोकांना वाटतं, या मार्लीनला कशाची किळस येत नसणार. उलट आहे. मला सगळ्याची किळस येते आणि म्हणूनच मी माझं काम चोख केलं.

ऑक्टोबर लागला की आमच्या भागाला वेड लागतं. भोपळे पायऱ्यांवर येऊन बसतात आणि ज्याच्याकडे म्हणून एखादं रिकामं कोठार आहे, तो त्याचा भूतबंगला करतो. शेतकरी करतात, शाळेतली पोरं करतात, चर्चवालेही करतात. मग अख्खं ओहायो रांगा लावून भिऊन घ्यायला जातं. माझी मुलगी क्रिस्टन त्यात सगळ्यांच्या पुढे. लहानपणापासून तिला एकही भूतबंगला चुकवलेला चालत नाही आणि आता हे खूळ तिने आपल्या पोरीलाही लावलंय. या वर्षी मात्र ती काम करते त्या गोदामात तिला शनिवार-रविवारची पाळी लागली आणि ते लोढणं माझ्या गळ्यात आलं.

"आई, फक्त दुपारचे खेळ," ती फोनवर म्हणाली. "लहान मुलांचे. अर्धे दिवे चालू असतात, करवत घेऊन अंगावर धावणारा नसतो. तुला काय होतंय?"

"मला ओकारी होते."

"तू हॅलोविनला दारात आलेल्या पोरांना टूथब्रश वाटतेस, आई. त्याहून भयंकर तिथे काही नसतं."

हे खरं आहे. मी गोळ्या-चॉकलेटं देत नाही, ब्रश देते. दर वर्षी कोणीतरी माझ्या दारावर अंडी फोडतं. मी ती धुऊन टाकते आणि पुढच्या वर्षी पुन्हा ब्रश आणते.

तर शनिवारी मी विनीला घेऊन निघाले. विनी सहा वर्षांची, माझी एकुलती एक नात. पहिला भूतबंगला गावाबाहेरच्या शेतावर होता. रक्त म्हणून मक्याचा पाक लाल रंग घालून भिंतींना फासला होता. तो खाली ओघळला होता आणि माझे बूट पावलागणिक चिकटून सुटत होते. दोरीवर रबरी आतडी टांगली होती, हजार हातांनी चाचपल्याने काळी तुकतुकीत झालेली. एका पेटीतून एक पोरगा उठला. टिश्यू कागद आणि गोंद लावून त्याने आपलं तोंड सोलल्यासारखं केलं होतं. तो आमच्या अंगावर झुकून घुरघुरला तेव्हा मला त्याच्या दातांच्या तारांमध्ये अडकलेला पाव दिसला.

"ब्रश कधी केला होतास?" मी विचारलं.

भूत गडबडलं. "सकाळी, मॅडम."

"खोटं बोलू नकोस."

विनीने माझा कोट ओढला. "आजी, भुतांना असं नसतं विचारायचं. ती कामात असतात."

बाहेर उन्हात आल्यावर ती एकदम खूश होती. तिचा समोरचा खालचा दात हलत होता आणि जिभेने तो पुढेमागे करण्याचा तिला नाद लागला होता. उन्हाळ्यात झोपाळ्याची साखळी लागून त्या दाताचा कोपरा उडाला होता. क्रिस्टन तो ओढून काढायला निघाली होती, पण मी तिला हात लावू दिला नाही. दुधाचा दात आपला आपण पडावा, या मताची मी आहे.

२

दुसरा भूतबंगला गावातच, बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत. तो आमच्या अग्निशमन दलाचा. दल म्हणजे गावातलीच माणसं, आपापली कामं सांभाळून आगी विझवणारी. त्यांना नव्या नळ्या लागतात, म्हणून दर ऑक्टोबरात ते भुतं नाचवतात.

त्यात एक म्हाताऱ्याची खोली असते. हा खेळ बाकी सगळ्या भुतांपेक्षा जुना; माझी आजीसुद्धा लहानपणी कोणाच्या तरी तळघरात बसून तो खेळली होती. काळोखात सगळे बाकांवर गोल बसतात. पडद्याआडून कोणीतरी गोष्ट सांगतं, की एक म्हातारा मेला आणि त्याचं हे हे उरलं. त्या त्या वेळी एकेक वाडगा उजवीकडून येतो. तुम्ही आत हात घालता, किंचाळता आणि डावीकडे देता. डोळे म्हणजे सोललेली द्राक्षं, आतडी म्हणजे तेल लावलेल्या गार शेवया, कान म्हणजे सुके जर्दाळू, केस म्हणजे मक्याच्या कणसाचे. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि तरी सगळे किंचाळतात.

वाडगे गावातल्या बाया घरून भरून आणतात. आमच्याकडे भांडं घराबाहेर नेलं की त्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून नाव लिहायचं, अशी रीत आहे. लग्न असो की मयत, भांडं परत आलं पाहिजे. द्राक्षं माझ्याकडे असतात. सोललेलं द्राक्ष एकदा तळहातावर ठेवून पाहा. मी हातमोजे घालून सोलते आणि नंतर नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण येईपर्यंत द्राक्षाकडे बघत नाही.

शेवटचा वाडगा दातांचा असायचा. त्यात साखरेच्या टणक गोळ्या असत आणि मुलं त्याचीच वाट बघत बसत, कारण म्हाताऱ्याचे दात खायचे असतात. या वर्षी त्यावरून मी ग्लेंडाशी भांडले. ग्लेंडा माझी शेजारीण आणि त्या खोलीची सगळी व्यवस्था तिच्याकडे.

"पोरांनी शेवयांत हात घातलेले, केसांत घातलेले, नाकात तर असतातच," मी म्हटलं. "आणि त्याच हातांनी अंधारात गोळ्या खायच्या? मला नुसतं बोलतानाही मळमळतंय."

"अगं, आपण सगळ्या अशाच वाढलो."

"आणि सगळ्यांच्या दाढा किडल्या. मी पाहिल्यात."

ग्लेंडाने हात टेकले. "बरं बाई. दात रद्द. पोरं शिव्या द्यायला लागली की तुझा पत्ता देईन."

३

खोली म्हणजे शाळेचं जुनं स्वयंपाकघर. खिडक्यांवर काळं प्लास्टिक ठोकलेलं. उकडलेल्या घेवड्याचा आणि ओल्या पोछ्याचा वास तिथे इतकी वर्षं मुरला होता, की भुतांची गरजच नव्हती. विनी माझ्या डावीकडे बसली. उजवीकडे कोण होतं, ते मी पाहिलं नाही. दार बंद झालं आणि पडद्यामागून वर्ननचा आवाज आला. वर्नन दलातून निवृत्त झालेला, जाड आवाजाचा माणूस. गोष्ट दर वर्षी तोच सांगतो.

डोळे आले. माझीच द्राक्षं, माझाच वाडगा. तरी मी दोन बोटांनी काठाला धरून तो पुढे सरकवला. शेवया आल्या. बाकांवर किंकाळ्या, हसू, कोणाचं तरी रडू. कान आले, केस आले. "आणि म्हाताऱ्याचं बाकीचं," वर्नन म्हणाला, "कुत्र्यांनी नेलं." गोष्ट इथे संपते. लोक पाय आपटतात, दिवा लागायची वाट बघतात.

त्या वेळी उजवीकडून आणखी एक वाडगा माझ्या हातांवर टेकला.

मला आधी राग आला. ग्लेंडाने शब्द पाळला नाही, असं वाटलं. कोणाचं भांडं आहे ते बघायला मी सवयीने बुडाखाली बोट फिरवलं. चिकटपट्टी नव्हती. बूड कोमट होतं, आणि बाकीचे वाडगे तर फ्रीजमधून आले होते. भांडं बरंच जड होतं. साखरेच्या गोळ्या हलवल्या की खुळखुळतात. या वाजल्या नाहीत. आत काहीतरी ओलं, हळूच, एकावर एक सरकल्यासारखं झालं.

मी हात घातला नाही. शिसारी आली आणि मी वाडगा विनीच्या मांडीवर ढकलला.

"दात आले," विनी आनंदाने म्हणाली.

मग तिच्या तोंडातून कुरकुर आवाज आला. नंतर तिच्यापलीकडून. मग त्याच्याही पलीकडून. अंधारात एकेक करत मुलं चावत होती आणि तो आवाज खोलीभर गोल फिरत गेला. मी जन्मभर दातांवर दात घासल्याचे आवाज ऐकलेत. साखर अशी फुटत नाही.

"आजी," विनी कुजबुजली, "हे गोड नाहीये."

"मग थुंकून टाक."

"गिळलं."

दिवा लागला. मुलं हात पुसत उठली. माझ्या उजवीकडे कोणी नव्हतं.

४

नंतर आम्ही बाया मागच्या मोरीवर वाडगे विसळायला जमलो. ग्लेंडा गालात हसत होती.

"शेवटी विरघळलीस ना?" ती मला म्हणाली. "पोरांची तोंडं बघवली नाहीत. मला ठाऊक होतं."

"मी कशाला विरघळू? दात तू आणलेस."

"मी? अगं, मी तुला शब्द दिला होता. मला वाटलं, तूच."

आम्ही दोघींनी बाकीच्यांकडे पाहिलं. प्रत्येकीला वाटलं होतं, दुसऱ्या कोणीतरी आणलेत. आमच्याकडे असंच होतं. टेबलावर अनोळखी भांडं दिसलं, तर हे कोणाचं म्हणून विचारणं असभ्य समजतात. लोक निमूट वाढून घेतात आणि छान झालंय म्हणतात. विसळलेल्या प्रत्येक वाडग्याच्या बुडाला नाव होतं. बिननावाचा एकही निघाला नाही.

"कोणीतरी घरी घेऊन गेली असेल," ग्लेंडा म्हणाली. "तू ना, मार्लीन, गोळ्यांतही खुसपट काढशील."

मीही तेच मनाशी म्हटलं. कोणीतरी हौशी बाई, मुलांचा हट्ट, वाडगा उचलून निघून गेली. उजवीकडचा माणूस दिवा लागायच्या आत उठला असेल. अंधारात सगळंच मोठं होतं.

गाडीत विनी मागे बसली. आरशात मला दिसलं, तिची जीभ समोरच्या एका खिंडारात फिरत होती.

"दात पडला की काय गं?"

"हो."

"कुठेय?"

"मी ती गोळी चावली ना, तेव्हा पडला. वाडग्यात." ती खिंडारात बोट घालून म्हणाली, "मी शोधला, पण तिथे खूप होते."

५

रविवारी सकाळी माझ्या घरी तिने ज्या तऱ्हेने टोस्ट खाल्ला, ते मला आवडलं नाही. जबडा आडवा फिरवत, मागच्या मागे घोळवत खात होती. कवळी लावलेली माणसं खातात, तसं. मी तिला न्हाणीघरात स्टुलावर उभं केलं आणि तोंड उघडायला सांगितलं.

खिंडार भरलेलं होतं.

दुधाचा दात पडला की पक्का यायला वेळ लागतो. कधीकधी आधीच मागे येऊन बसलेला असतो, तेही मी पाहिलंय. म्हणून मी घाबरले नाही. चष्मा पुसला आणि दिवा जवळ घेतला. समोरच्या दातांच्या रांगेत, जिथे तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी हवं होतं, तिथे दाढ होती. मोठ्या माणसाची दाढ. पिवळी, कडांना तपकिरी, वर झिजून सपाट झालेली. ती तिथे मावत नव्हती, म्हणून शेजारचे दोन्ही चिमुकले दात तिने तिरके लोटले होते. आणि तिच्या मधोमध करड्या चांदीचा ठिपका होता.

मी स्वतःशी वाद घातला. वाकडे दात येतात. डागाळलेले येतात. नको त्या जागी दाढ उगवल्याचंही मी पुस्तकात वाचलंय. पण चांदी आपोआप उगवत नाही. ती भरायला डॉक्टर लागतो, खुर्ची लागते, कोणाचा तरी आ लागतो. आणि अशी चांदी मी कामाला लागले तेव्हाची म्हातारी माणसं भरून घेत.

"दुखतंय?"

"नाही. रात्री खालून ढकलत होती. मग आली."

मी हातमोजा घालून बोट लावलं. दाढ हलली नाही. ती गरम होती, तिच्या तोंडापेक्षाही गरम, आणि विनीने श्वास सोडला तेव्हा मला चघळायच्या तंबाखूचा आंबूस वास आला.

मी मोजा उलटा करून कचऱ्यात टाकला. मग मी रोजच्यासारखी तिची पापी घ्यायला वाकले आणि मला घेता आली नाही. हे मी स्पष्टच सांगते. माझ्या नातीची, जिचे लंगोट मी बदलले, त्या पोरीची मला किळस आली. तिला ते कळलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

दुपारपर्यंत शेजारचे दोन्ही दात हलायला लागले. त्यांच्या बुडाशी हिरडी फुगली होती आणि तिच्या आतून काहीतरी पिवळट दिसत होतं.

६

मी फोटो काढून क्रिस्टनला पाठवला. गोदामात फोनवर बोलायला मनाई, पण निरोप वाचता येतो. तिचं उत्तर आलं, "आई, शेवटी तुलाही लागण झाली. हे नकली दात कुठून आणलेस? जबरदस्त आहेत." त्याखाली हसून लोळणारे चेहरे. मी लिहिलं, नकली नाहीत. तिने लिहिलं, "हो हो. घाबरले मी." पुन्हा चेहरे.

ऑक्टोबरच्या शेवटी आमच्याकडे कोणाचाच कशावर विश्वास बसत नाही. दुकानात पैसे घेणारी पोरगी मानेत सुरा खुपसून बसलेली असते.

मी विनीला गाडीत घातलं. पलीकडच्या शहरातल्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं होतं. तिथेही आधी हसतील, पण एक्स-रे काढतील, हाडाच्या आत काय आहे ते तरी कळेल. मुख्य रस्त्याला लागलो आणि विनी मागून बोलली. तिचा आवाज तिचाच होता, फक्त शब्द जाड झाले होते.

"आजी, माझा दात तिकडे आहे. म्हणून ही इथे आली."

"कोण म्हणालं तुला?"

"कोणी नाही. मला माझा परत हवाय." आणि मग ती रडायला लागली, पण तोंड न उघडता, माझ्यामुळे.

वळणावर शाळा दिसली. दारावर भोपळे, अंगणात रांग. लहान मुलांचा शेवटचा खेळ होता. मी गाडी वळवली. शहाण्या बाईने वळवली नसती, पण शहाणपणाने त्या पोरीच्या तोंडातली चांदी समजत नव्हती.

ग्लेंडा मागच्या दारात वाडगे मांडत होती. मी विनीला तिच्यासमोर उभं केलं. "आ कर, सोन्या."

विनीने आ केला. ग्लेंडाने वाकून पाहिलं आणि टाळी वाजवली.

"अरे वा. कसले जमलेत. आणि वासही? मार्लीन, तू तर आम्हाला सगळ्यांना मागे टाकलंस."

"ग्लेंडा, हे खरे आहेत."

"हो, आणि मी खरी चेटकीण आहे." तिने आपल्या नाकावरचा रबरी चामखीळ दाबून दाखवला.

"दातांचा वाडगा कुठेय? आज कोणी आणलाय?"

तिचं हसू जरा ओसरलं. तिने एकेक वाडगा उलटून मला बुडाची नावं दाखवली. द्राक्षं माझीच, कालची उरलेली. दातांचा वाडगा नव्हता. "बघ तूच," ती म्हणाली. "आणि आत जाऊन बैस, तोंड पांढरंफटक पडलंय तुझं. सुरू होतंय."

७

मी विनीला मांडीवर घेऊन बसले. या वेळी जागा मी मुद्दाम निवडली होती, बाकाच्या अगदी टोकाची. माझा उजवा दंड भिंतीला टेकत होता. डावीकडे मधमाशीचे पंख लावलेली एक चिमुरडी होती, तिच्यापलीकडे तिची आई. कोटाच्या खिशात माझा जुना तपासायचा दिवा होता, पेनाएवढा.

दार बंद झालं. वर्ननने गोष्टीतल्या म्हाताऱ्याला मारलं. पहिला वाडगा ग्लेंडाने समोरच्या पडद्यातून माझ्या हातात दिला, मग दुसरा, मग बाकीचे. मधमाशी प्रत्येक वेळी इतकी किंचाळत होती की माझे कान बसले. विनीने कशातच हात घातला नाही. तिचं हृदय माझ्या छातीवर धडधडत होतं.

"आणि म्हाताऱ्याचं बाकीचं," वर्नन म्हणाला, "कुत्र्यांनी नेलं."

मग उजवीकडून, जिथे भिंत होती तिथून, एक वाडगा येऊन माझ्या हातांवर टेकला. कोमट, जड.

मी तो गुडघ्यांत धरला, कोटाची कड वर ओढली आणि तिच्याआड दिवा लावला. क्षणभरच.

वाडग्याला काठ नव्हता, ओठ होता. आत ओली लाल हिरडी आणि तिच्यात गोलाकार बसवलेले दुधाचे दात, कालचे, इवले इवले, स्वच्छ. लाळ चकाकत होती. मध्ये काहीतरी जाड, करडं पडलेलं होतं. उजेड लागताच ते मागे सरकलं.

"कोण ते? दिवा बंद करा, मजा जाते," वर्नन ओरडला.

मी बंद केला. त्याने सांगितलं नसतं तरी केला असता.

उरलेलं मी बोटांनी पाहिलं. हातमोजा नव्हता. मी बोट त्या हिरडीवरून फिरवायला लागले, मागून पुढे, आयुष्यभर फिरवलं तसं. एक दात, गुळगुळीत, कोणाचा तरी. दुसरा, तिसरा. ती जाड गोष्ट पुढे येऊन माझ्या बोटांना चाटू लागली. खरखरीत, तंबाखूने बरबटलेली.

"जीभ बाजूला घ्या," मी म्हणाले. ठरवून नाही. रोग्यांना दिवसभर म्हणायचे, ते तोंडून गेलं.

जीभ बाजूला झाली.

पुढच्या रांगेत मला तो सापडला. कोपरा उडालेला. अजून रुजला नव्हता, हलत होता. दुधाचा दात आपला आपण पडावा म्हणणारी मी, मी तो नखांनी धरला आणि पिळून उपटला.

मांडीवर विनी ताडकन उसळली. तिने खोकून काहीतरी थुंकलं आणि ते वाडग्यात पडल्याचा ओला, जड आवाज झाला. मी तिच्या तोंडात बोट घातलं. खिंडार रिकामं होतं. शेजारचे दात जागेवर होते. रक्त येत होतं, साधं, लहान मुलाचं रक्त, आणि मला त्याची जराही किळस आली नाही. मी तिच्या केसांची, कपाळाची, त्या रक्ताळलेल्या तोंडाची पापी घेतली.

मग मला जाणवलं की वाडगा अजून माझ्या गुडघ्यांत आहे. त्यात बाकीच्या पोरांचे दात होते आणि ती घरोघरी आयांसमोर आ करून उभी असतील, आणि आया हसत असतील. मी ओरडायला हवं होतं. दिवा लावून तो सगळ्यांना दाखवायला हवा होता. पण दातखीळ बसली होती, आणि ती जीभ पुन्हा पुढे आली होती. माझ्या मनगटावरून वर, बाहीच्या आत शिरत होती, चवीने.

"आजी, दे ना," मधमाशी म्हणाली. "तू केव्हाची घेऊन बसलीयेस. त्यात दात आहेत ना?"

दोन चिमुकले हात अंधारात आले, त्यांनी वाडगा चाचपला आणि ओढला. फार जोरात नाही. मला धरून ठेवता आला असता. पण ते ओलं, गरम, चाटणारं आणखी एक क्षणही माझ्या अंगाला लागणं मला सहन झालं नसतं. मी गुडघे सैल केले.

वाडगा डावीकडे गेला. पडद्यामागे वर्नन सगळ्यांना हळू उठायला सांगत होता. विनी माझ्या मानेत तोंड खुपसून हुंदके देत होती, आणि शेजारी कुरकुर आवाज सुरू झाला.

मला कान झाकून घ्यायचे होते. पण एका मुठीत विनीचा दात होता, आणि दुसरा हात कोपरापर्यंत घाण झाला होता.